उत्खननात थर कसे ओळखतात? खोल सापडलं म्हणजे जुनंच का?

प्रवराकाठचा
आमच्या गावाबाहेर नदीच्या अंगाला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकडी आहे. पूर्वी लोक तिथली राखट माती गाड्या भरभरून शेतात टाकत, त्यामुळे अर्धीअधिक टेकडी कधीच गेली. आता पाण्याच्या टाकीच्या पायासाठी ठेकेदाराने जेसीबी लावून एका बाजूने उभा काप घेतला आहे, दीड पुरुष खोल. काम बिलावरून अडलंय, काप तसाच उघडा आहे.

त्या कापात पट्टे दिसतात. वर विटांचे तुकडे आणि भुसभुशीत माती, मग राखाडी पट्टा, त्याखाली पिवळट घट्ट माती, तळाशी काळी. एका जागी राखाडी रंगाचा मोठा डाग उलट्या कमानीसारखा पिवळ्या मातीत खोल उतरलाय. पिवळ्या मातीत लाल खापरं आहेत, त्यांवर काळ्या रेघा. आणि त्यांच्याही वीतभर खाली काळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला, त्यावर पिवळे ठिपके.

आमचे गुरुजी म्हणतात, जितकं खोल तितकं जुनं, फुटाला शंभर वर्षं धरा. त्या हिशेबाने बांगडी खापरांपेक्षा जुनी ठरते. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. इथे पुरातत्त्ववाले कुणी आहेत का? थर नेमका ठरवतात कसा?

चाळणवाली
मी आहे. पुण्यात पुरातत्त्व शिकले, खड्ड्यात उभं राहून बरीच वर्षं काढली आहेत.

आधी ते फुटाला शंभर वर्षांचं गणित सोडा. गुरुजींचा मान राखून सांगते, माती अशी पगारासारखी दरमहा जमा होत नाही. कुडाचं किंवा मातीच्या भिंतींचं घर एका पावसाळ्यात बसलं की हातभर माती एकदम पडते. उलट गाव उठून गेलं तर दोन-तीनशे वर्षांत दोन बोटंसुद्धा जमत नाही, वर वाऱ्यापावसाने असलेलं धुपून जातं ते वेगळंच. नदीला मोठा पूर आला तर एका रात्रीत गाळाचा जाड पट्टा. त्यामुळे जाडीवरून वर्षं काढता येत नाहीत.

थर म्हणजे मातीतला बदल. रंग, कण, घट्टपणा, आत काय मिसळलंय, कोळसा आहे का, चुनखडी आहे का. आम्ही काप आधी करणीने तासून घेतो, वरून खाली, म्हणजे पडलेली माती तासलेल्या भागावर येत नाही. मग फवाऱ्याने हलकं पाणी मारतो. ओला असताना पाच-दहा मिनिटं रंग उठून दिसतात, तेवढ्यात करणीच्या टोकाने रेघ ओढून घ्यायची. सकाळचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं, दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं. आणि डोळ्यांइतकाच हात लागतो. राखेत करणी सरकते, शेणामातीने सारवलेल्या जमिनीवर ती अडते आणि वेगळा आवाज येतो. जुने मजूर तर कुदळीच्या आवाजावरून सांगतात की जमीन लागली. मग खिळ्याने प्रत्येक थराला चिठ्ठी ठोकायची. वरून खाली १, २, ३ असे आकडे. संस्कृतींचे कालखंड मात्र उलटे, खालून वर मोजतात, कारण पहिली वस्ती तळाशी असते. नवीन पोरांचा यात हमखास गोंधळ होतो.

आता तुमचा तो उलट्या कमानीसारखा डाग. तो बहुतेक खड्डा आहे. धान्याचा पेव असेल, कचऱ्याचा असेल. खड्डा खणणारा माणूस वरच्या जमिनीवर उभा असतो, पण त्याचा तळ दोन-चारशे किंवा हजार वर्षं जुन्या मातीत जातो. पुढे त्यात कचरा पडतो, तो कचरा खणणाऱ्याच्या किंवा त्याच्याही नंतरच्या काळातला. म्हणून विचारायचं ते एवढंच, की खड्ड्याचं तोंड कुठल्या थरातून सुरू होतं? बांगडी त्या डागाच्या आत होती की बाहेर, हे बघा.

कोकणकडा
वाचनखूण साठवली आहे. फवारा आणि तिरपं ऊन हे शाळेच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

बेसाल्टभक्त
भूशास्त्रवाल्याचे दोन पैसे. खालचं जुनं, वरचं नवं हा नियम निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये मांडला तो खडकांसाठी. खडकात कुणी पेव खणत नाही, विहीर बुजवत नाही, जुन्या पांढरीची माती उपसून नव्या घराच्या जोत्यात भरत नाही. माणूस आला की नियम तोच राहतो, पण लावताना दहा वेळा बघावं लागतं.

दुसरं म्हणजे तुमच्याकडची काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत जाईल अशा. पाऊस आला की फुगून मिटतात. मधल्या काळात मणी, बी, बांगडीचा बारका तुकडा सरळ खाली. वर उंदीर-घुशी आणि वाळवी आहेतच. म्हणून एकटी बारीक वस्तू चुकीच्या थरात दिसली की तिच्यावरून काळ ठरवू नये. मोठी खापरं अशी पडत नाहीत, आणि ती शेकड्याने मिळतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त. जळलेल्या धान्याचा प्रश्न असेल तर हल्ली तो एक दाणाच कार्बन-१४ या वय काढायच्या चाचणीसाठी देतात, म्हणजे तो वरून घसरलाय का तेही कळतं.

गण्या_नागपूरकर
म्हणजे घूस ही सर्वात जुनी पुरातत्त्वज्ञ म्हणायची, फक्त अहवाल लिहीत नाही :)

चाळणवाली
@गण्या, घुशीचं बीळ आम्हीही नकाशावर काढतो. क्रमांक देऊन. तिच्या बिळातली खापरं वेगळ्या पिशवीत जातात.

टॉलेमीचा_नातू
या विषयावर व्हीलरचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी तक्षशिलेला शिकाऊ उत्खनन लावलं. बी. बी. लाल, बी. के. थापर तिथलेच विद्यार्थी. त्याआधी मोहेंजोदडोला मार्शल आणि मॅके यांच्या उत्खननांच्या काळात वस्तूंची नोंद एका ठरलेल्या पातळीपासून किती फूट खाली अशी होत असे. पण टेकडीवरचं गाव सपाट नसतं. मधे उंचवटा, कडेला उतार. त्याच उंचीवर एकीकडे घराची जमीन लागेल, दुसरीकडे पाचशे वर्षांनंतरचा उकिरडा, आणि दोन्ही एकाच काळाचे म्हणून पुस्तकात जातील. गुरुजींचं गणित म्हणजे हीच पद्धत.

व्हीलरनी जमीन चौकोनांत आखली, दोन चौकोनांत न खणलेला बांध ठेवला आणि त्या बांधाच्या उभ्या भिंतीवर थर वाचायला लावले. फायदा काय झाला ते बघा. १९४५ मध्ये पाँडिचेरीजवळ अरिकमेडूला इटलीहून आलेली ॲरेटाइन भांडी मिळाली, त्यांचा काळ रोमन इतिहासावरून पक्का, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यांच्याच थरांत तळाशी चक्राकार नक्षी असलेली आपल्याकडची भांडी होती. दोन वर्षांनी कर्नाटकात ब्रह्मगिरीला हीच नक्षीची भांडी वरच्या थरांत निघाली, आणि त्यांच्या आधाराने खालच्या महापाषाणीय (मोठ्या शिळांची थडगी बांधणाऱ्या) आणि त्याखालच्या दगडी कुऱ्हाडींच्या लोकांना पहिल्यांदा कालक्रम मिळाला. कार्बन-१४ तेव्हा हाताशी नव्हता! ती पद्धत म्हणजे लिबीचा शोध, १९४९ चा. मला तर अजूनही हे वाचून अंगावर काटा येतो.

आपल्या पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी लंडनला शिकत असताना इंग्लंडमधल्या मेडन कॅसलला व्हीलरच्याच उत्खननात काम केलं होतं. डेक्कन कॉलेजच्या कामात ती शिस्त आली ती तिथूनही.

रोखठोक
नातूसाहेब, व्हीलरचं एवढं गुणगान नको. त्याच माणसाने १९४७ मध्ये मोहेंजोदडोत पडलेल्या सांगाड्यांवरून आर्यांनी कत्तल केली म्हणून लिहिलं आणि त्यांच्या इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. सांगाडे दुसऱ्यांनी, वीस वर्षांपूर्वी, त्याच जुन्या पद्धतीने खणलेले. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स या पुरातत्त्वज्ञाने नोंदी तपासून दाखवलं की हे सांगाडे एका वेळचे नाहीत, शहराच्या अखेरच्या दिवसातले आहेत असं थरांवरून ठरत नाही, आणि बालेकिल्ल्यावर तर एकही नाही. थरांचा आग्रह धरणाऱ्यानेच थर सोडून निष्कर्ष काढला, आणि ती कत्तल अजून व्हॉट्सॲपवर फिरते आहे.

टॉलेमीचा_नातू
मान्य. पण ते पद्धतीच्या बाजूनेच बोलतं ना? कत्तल खोटी ठरली ती थरांच्याच प्रश्नावर.

रोखठोक
हो. माणूस मोठा होता म्हणून त्याचा निष्कर्ष मोठा, एवढ्याला विरोध आहे. पद्धतीला नाही.

टेम्सकाठची
पद्धतीलाही थोडा विरोध आहे, तो मी करते :) मी इकडे इंग्लंडमध्ये सुट्टीत उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जाते. इथे व्हीलरचे बांध जवळपास कुणी ठेवत नाही. कारण साधं आहे, भिंतीचा कोपरा नेमका बांधाखाली जातो. लाकडी घराचे खांबांचे खड्डे चार चौकोनांत विखुरले तर ते एक घर आहे हे कळतच नाही. म्हणून सगळं क्षेत्र एकदम उघडतात आणि सर्वात शेवटी घडलेली गोष्ट सर्वात आधी काढतात. खड्ड्यातली भर ही एक घटना, खड्डा खणणं ही वेगळी घटना. प्रत्येकीला वेगळा क्रमांक, वेगळा कागद, वेगळा नकाशा. लंडनमध्ये १९७० च्या दशकात इमारतींच्या पायाच्या घाईत ही शिस्त बसली.

क्रमांक हजारावर गेले की कुणाआधी कोण हे डोक्यात राहत नाही. त्यासाठी एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये विंचेस्टरच्या नोंदींवर काम करताना एक आराखडा काढला. दिसायला भावकीच्या वंशावळीसारखा असतो, वर धाकटे, खाली थोरले, आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही ते बाजूबाजूला. आमच्याकडे संध्याकाळी चहाबरोबर तो रोज भरायचा असतो, आणि त्यावरून जेवढे वाद होतात तेवढे कशावरूनही होत नाहीत.

चाळणवाली
ताई, बांधाखालच्या कोपऱ्याचं दुःख आम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडे शेवटी नकाशे काढून झाल्यावर बांध उतरवतात, आणि तो उतरवतानाही थराथरानेच. पण बांध नसेल तर चूक तपासायची कशावर? तुमच्याकडे प्रत्येक खणणारा शिकलेला असतो. इथे एका चौकोनावर एक विद्यार्थी आणि सोबत आसपासचे चार-पाच मजूर. बांध हा उभा पुरावा असतो, दुसऱ्या दिवशी सर येऊन विचारू शकतात की हा थर इथे का तोडलास. मी बांधाच्या बाजूने आहे, निदान सुरुवातीला.

खरं तर दोन्ही लागतात. आधी एक खोल खड्डा कोऱ्या, म्हणजे वस्तीआधीच्या मातीपर्यंत, म्हणजे क्रम कळतो. मग आडवं रुंद, म्हणजे माणसं कळतात. शिरूर तालुक्यातलं इनामगाव बघा, घोड नदीकाठचं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं काम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. आधी माळवा संस्कृती, मग पूर्व जोर्वे, मग उत्तर जोर्वे, इसवी सनापूर्वी साधारण १६०० पासून ७०० पर्यंत. हा क्रम उभ्या खड्ड्याने दिला असता. पण आधी चौकोनी मोठी घरं होती आणि उत्तर जोर्वे काळात लोक लहान गोल झोपड्यांत आले, पाऊस आणि शेती बिघडल्याची ती खूण, हे रुंद उघडल्याशिवाय दिसलंच नसतं. शंभरावर घरं तिथे निघाली.

आणि खड्ड्याच्या तोंडाचं महत्त्व मी इनामगावच्या दफनांवरून सांगते. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आणि घराच्या जमिनीतच पुरत. आता खणताना जमिनीवर तो खड्ड्याचा गोल दिसला नाही, तर मडकी हातभर खालच्या जुन्या थरात मिळाली म्हणून जुन्या लोकांच्या नावावर जातात. त्या घरात कोण मूल गेलं, ते घर कुणाचं, सगळा संबंध तुटतो. म्हणून जमीन लागली की आम्ही थांबतो. झाडून घेतो, पाणी मारतो, गोल शोधतो. आधी खड्डा रिकामा करायचा, मग थराला हात लावायचा. नंतर आलं ते आधी काढायचं.

सुप्रिया_मिरज
इनामगावला मोठ्या माणसांचे पाय तोडून पुरत असं वाचलंय. ते का? (अवांतर आहे, माफी.)

चाळणवाली
घोट्याखाली पाय नसलेली प्रौढांची दफनं आहेत, हो. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा अंदाज ढवळीकरांसकट बऱ्याच जणांनी केलाय. मातीतून एवढंच कळतं की पाय पुरण्याआधी तोडले होते. भीती होती की माया, ते मातीत उरत नाही.

लेव्हलवाला
स्थापत्य अभियंता आहे, सगळे मिळून खोलीला झोडपताय म्हणून बोलतो. खोली निरुपयोगी नाही, ती जमिनीपासून मोजणं निरुपयोगी आहे. टेकडीवर एक पक्का बिंदू ठरवायचा आणि सगळी मोजमापं त्याच्याशी बांधायची. पूर्वी डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि दोरी, आता टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र. वस्तू सापडली की लांबी, रुंदी, उंची आणि थर, चारही लिहायचं. थराची रेघ ओढण्यात चूक झाली असेल तर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या आकड्यांवरून ती सुधारू शकतो. नुसतं 'थर ४' लिहिलं असेल तर नाही.

चाळणवाली
+१. अगदी बरोबर.

बेलापूरकर
आमच्या श्रीरामपूर तालुक्याचा विषय निघायलाच हवा. दायमाबाद! १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. वजन सगळं मिळून साठेक किलो. असं काम उपखंडात दुसरीकडे नाही. पण थर नाही! ठेवा उत्खननात निघाला नाही, त्यामुळे भोवतीची माती कुणी वाचली नाही. त्याआधी १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे तिथे खणून गेले होते, नंतर एस. आर. राव, मग साळींनी १९७५ ते १९७९ पद्धतशीर खणलं आणि सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असे पाच कालखंड लावले. वस्तू उत्तर हडप्पा काळाच्या असं साळी आणि ढवळीकर म्हणतात. डी. पी. अग्रवालांनी धातूतलं आर्सेनिक आणि घडण बघून शंका घेतली. वाद अजून मिटलेला नाही.

लहानपणापासून हा रथ चित्रात बघतोय आणि दरवेळी वाटतं, तेव्हा एक माणूस करणी घेऊन शेजारी उभा असता तर.

गण्या_नागपूरकर
मग थर नाही म्हणून रथ बिनकामाचा का?

बेलापूरकर
मुळीच नाही. पण कुणाचा, ते छातीठोक सांगता येत नाही. ज्याला त्याला आपल्या बाजूला ओढता येतो.

रोखठोक
आणि असं काही मिळालं की लोक सोन्याचा हंडा शोधायला रात्री खणतात, तिथे उरलेले थरही जातात. कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. दायमाबादला ठेवा कळवला गेला म्हणून तो आज वितळलेल्या भांड्यांत नाही.

प्रवराकाठचा
सगळ्यांचे आभार. काल सकाळी लवकर जाऊन पाहिलं. शेतातला फवारणीचा पंप धुऊन नेला होता. मोठ्या करणीने कापाचा हातभर भाग हलकेच तासला, पाणी मारलं, आणि खरंच पाच मिनिटं चित्र उघडलं.

डागाची कड स्वच्छ दिसते. तो राखाडी पट्ट्याच्या वरून, विटांच्या थराच्या लगेच खालून सुरू होतो आणि राखाडी, पिवळा दोन्ही कापून जातो. आतली माती सैल, कोळसा, हाडांचे तुकडे. बांगडी जिथून निघाली ती जागा मी काडी खोचून ठेवली होती. ती डागाच्या आत येते, तळाशी. काळ्या रेघांची खापरं मात्र डागाच्या बाहेर, पिवळ्या मातीत. गुरुजींना नेऊन दाखवलं. ते बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले सातवीच्या पोरांना आणू.

आता पुढे काय करू? पाऊस दोन महिन्यांवर आहे, काप ढासळेल.

चाळणवाली
वाह! म्हणजे बांगडीचं उत्तर मिळालं. काळ्या काचेवर पिवळे ठिपके म्हणजे नेवासे आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला बहामनी काळाच्या थरांत निघतात तशातली असू शकते. खड्डा वरच्या विटांच्या थराआधीचा आणि राखाडी थरानंतरचा, हे तर तुम्ही स्वतः वाचलंत. पिवळ्या मातीतली खापरं या सगळ्याहून कितीतरी जुनी.

आता आणखी तासू नका, आणि पोरांना आणलंत तर काप चढू देऊ नका, काहीही ओढून काढू देऊ नका. फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून, आधी सगळा काप, मग जवळून, सावली नसताना. उत्तर कुठे ते लिहा. जवळच्या पक्क्या बांधकामापासून अंतर मोजा, लेव्हलवाल्यांनी सांगितलंय तसं. राज्य पुरातत्त्व खात्याला लेखी पत्र, प्रत तहसीलदारांना आणि ग्रामपंचायतीला. परवान्याशिवाय कुणीच उत्खनन करू शकत नाही, आम्हीसुद्धा, पण उघड्या कापाची पाहणी लवकर होऊ शकते. टाकीची जागा चाळीस-पन्नास पावलं सरकली तरी काम भागेल का, हे सरपंचांशी आत्ताच बोला, बिल निघायच्या आधी.

लेव्हलवाला
टाकीसाठीही पांढरीची भुसभुशीत माती वाईटच, पाया खचतो. सरपंचांना हे सांगा, हे लगेच पटेल. नकाशा काढायला मी एका रविवारी येऊ शकतो, यंत्र माझं आहे.

बेलापूरकर
मीही येतो, जवळच आहे. खापरांवरच्या रेघा कशा आहेत? जोर्व्याची असतील तर लाल पृष्ठभाग मंद, चकाकी नसलेला, आणि टिचकी मारली तर टणत्कार येतो.

चाळणवाली
खाली आधीच पडलेल्या खापरांतलं कडेचं, म्हणजे भांड्याच्या तोंडाचं, एखादं असेल तर आतून-बाहेरून फोटो टाका. तोटीचा तुकडा किंवा मधे धार असलेल्या वाडग्याची कड असेल तर जास्तच बरं. नुसत्या रेघांवरून मी बोलणार नाही.